कृपया जाहिराती नकोत

स्टुटगार्ट,
रविवार, 15 फेब्रुवारी 2026

ती. आण्णा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

कागदावर लिहिलंय म्हणून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर आण्णा दोन वाक्यं झाली की "घे, आईशी बोल" म्हणून मोबाइल पुढं करतात, आणि आई "जेवलीस का" याच्या पुढं जात नाही. म्हणून एकदा नीट लिहून काढलं. फोटो काढून दादाच्या मोबाइलवर पाठवते. दादा, मोठ्यानं वाच आणि मधलं काही गाळू नको.

आज महाशिवरात्र, उपवास धरलाय. साबुदाणा मिळतो, कूट मी केला, तेव्हा ती काळजी मिटली. थंडीची तर नकोच, खोलीत शर्टावर बसता येतं. वजन कमी झालेलं नाही, व्हिडिओत मोबाइल वर धरला की तोंड बारीक दिसतं.

आता आण्णांचा मागच्या रविवारचा प्रश्न. "एवढी माणसं पाहिजेत म्हणत्यात, मग तुलाच नोकरी कशी लागंना?" मी तेव्हा नेट गेल्याचं सांगितलं. नेट गेलं नव्हतं.

आण्णा, माणसं पाहिजेत हे खरंच आहे. ट्रामच्या अंगावर लिहिलेलं असतं, प्लंबरच्या गाडीवर असतं, बेकरीतून पाव आणला तर पिशवीवरही "आमच्यात सामील व्हा" म्हणून हसणारी चार माणसं असतात. निवडणुकीत आपल्याकडं दसरा चौकात भावी नगरसेवक हात जोडून उभे असतात ना, तसे इथं भावी सहकारी. (निवडणूक इथंही आलीय, 8 मार्चला राज्याची. दिव्याच्या प्रत्येक खांबाला एकेक उमेदवार टांगलाय. पण कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दोन वर्षांत दिसला नाही, एवढं चांगलं.)

पण अर्ज करायला गेलं की पिशवीवरचं माणूस गायब. आधी त्यांच्या साइटवर खातं उघडायचं, मग बायोडाटा चढवायचा, आणि त्यात जे लिहिलंय तेच सगळं पुन्हा एकेका चौकटीत हातानं भरायचं. शाळेपासून. मग पगार किती हवा ते आपणच आधी सांगायचं. जास्त सांगितला तर बाहेर, कमी सांगितला तर ब्लू कार्डच्या अटीत बसत नाही. ते कार्ड म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाला इथं नोकरीसाठी राहायचा परवाना, तो नव्या पदवीवाल्यांना यंदा वर्षाला साधारण 46 हजार युरोचा पगार असेल तरच मिळतो. हे झालं की बहुतेक ठिकाणी आधी कॉम्प्युटर चाळणी लावतो.

दोन ठिकाणी मुलाखत झाली. ती मी तुम्हाला "चांगली झाली" म्हणून सांगितली होती. त्यातल्या एकीत समोर माणूसच नव्हता. पडद्यावर प्रश्न येतो, तीस सेकंद विचार करायला, दोन मिनिटं बोलायला, आणि समोर आपलंच तोंड. मी माझ्याकडं बघून हसत होते. शेवटी धन्यवादही मलाच म्हणाले.

आपल्या उद्यमनगरात गेटला पाटी लागते, "टर्नर पाहिजे". पोरगं येतं, आण्णा हातात बार देतात, "जॉब काढून दाखव बाळा" म्हणतात, वर्नियर लावून माप बघतात. जमलं तर उद्यापासून ये, नाही तर चहा पिऊन जा. निदान चहा. मी आजवर 142 अर्ज केले. 61 नकार आले, सगळे "लायडर" या शब्दानं सुरू होणारे, म्हणजे "दुर्दैवानं". कुणाच्या दुर्दैवानं ते लिहीत नाहीत. बाकीच्यांचं उत्तर नाही. एक जाहिरात तर ऑक्टोबरपासून दर महिन्याला "नवीन" म्हणून येते. मी दोनदा अर्ज केला, दोनदा लायडर.

आणि हा मोबाइल. त्याला घरच्यांच्या आधी कळलं की मला नोकरी नाही. काही उघडा, "तुमचा बायोडाटा चुकतोय, आमचा कोर्स घ्या" म्हणून कुणीतरी कोट घातलेला पुढं येतो. त्याच्या खाली कर्ज. त्याच्या खाली, एकदा धाकट्या तनूसाठी लग्नाचा हॉल शोधला होता तेव्हापासून, पैठण्या.

इथली एक गंमत मात्र सांगायलाच हवी. इमारतीच्या दारात सगळ्या घरांच्या टपालपेट्या ओळीनं असतात, आणि निम्म्याहून जास्त पेट्यांवर एक पट्टी चिकटवलेली: "बिटे काइने वेर्बुंग". कृपया जाहिराती नकोत. पट्टी नुसती शोभेची नाही. 1988 साली इथल्या वरच्या कोर्टानं निकाल दिलाय की पट्टी असताना पत्रक टाकणं बेकायदा. राजकीय पक्षांची पत्रकंसुद्धा त्या बंदीत येतात. पण फुकटचं साप्ताहिक त्या बंदीत येत नाही, कारण त्यात जाहिरातींच्या मध्ये थोड्या बातम्या असतात! म्हणून जाणकार माणसं दुसरी पट्टी लावतात, "फुकटची वर्तमानपत्रंही नकोत". म्हणजे पेट्या तीन जातीच्या. काहीच नको, साप्ताहिक चालेल, आणि पट्टी नसलेली, जिच्यात काहीही टाका. काही पट्ट्या हातानं लिहिलेल्या असतात, पुढं तीन उद्गारचिन्हं, ती पेटी म्हातारीची समजावी. ॲमस्टरडॅममध्ये 2018 पासून उलटं केलंय, ज्याला हवं त्यानं "हो"ची पट्टी लावायची. तिथं पत्रकं टाकणाऱ्याचं काम फार सोपं झालं असणार.

आता आई विचारेल, हिला पेट्यांचं एवढं कसं माहीत.

तर शनिवारी मी पत्रकं टाकते. सुपरमार्केटची, बटाटे आणि डुकराचं मांस स्वस्त झाल्याची. आई, हात लावत नाही, फक्त चित्र असतं. दोन चाकांची ट्रॉली मिळते, चार-पाच तासांत आळी संपते. माझ्या 18 महिन्यांच्या नोकरी शोधायच्या परवान्यावर कुठलंही काम चालतं, चोरून काही नाही. तासाला 13.90 युरो मिळतात, तो सरकारनं ठरवलेला किमान दर आहे. इथं कुणी नाव ठेवत नाही, कॉलेजची पोरं, निवृत्त माणसं, सगळे करतात. मावशीला मात्र सांगू नका.

जर्मनमध्ये जाहिरातीला वेर्बुंग म्हणतात आणि नोकरीच्या अर्जाला बेवेर्बुंग. एका "बे"चा फरक. काल बर्फात एका दारासमोर उभी होते, वीस पेट्यांपैकी चौदांवर पट्टी. मनात आलं, शनिवारी मी दुसऱ्याची पत्रकं टाकते आणि सोमवार ते शुक्रवार स्वतःची. फरक एवढाच की कंपन्या पट्टी लावत नाहीत. लावली असती तर माझी पायपीट वाचली असती. असो. हसू आलं, रडले वगैरे नाही.

त्याच शब्दाचा तिसरा अर्थ मुलीला मागणी घालणं असाही आहे. गडहिंग्लजच्या स्थळाबद्दल आईनं तीनदा विचारलंय, म्हणून सांगते. तुम्ही माझा बायोडाटा व्हॉट्सअपवर पाठवलाच आहे, त्यात "जर्मनीत इंजिनिअर" लिहिलंय, ते आधी बदला. "जर्मनीत शिक्षण पूर्ण" लिहा, तेवढं खरं आहे. मुलाचं नाव-गाव चांगलं असेल, माझी ना आहे असंही नाही. पण एका वेळी एकाच ठिकाणचं लायडर सोसवतं. जूनपर्यंत थांबायला सांगा. थांबले नाहीत तर तनूचं बघा, माझ्यामुळं तिचं अडवू नका.

कर्जाचा हप्ता कोर्स संपल्यावर एक वर्षानं, म्हणजे ऑक्टोबरपासून आहे. तोवरचं व्याज आण्णा भरतात ते मला माहीत आहे, दादानं सांगितलं. त्याला रागावू नका. या महिन्यात 150 युरो पाठवलेत. ते व्याजातच घाला, तनूच्या खरेदीत नको. पुढच्या महिन्यात जास्त पाठवेन, माझ्याकडं उरतात. परवाना मार्च 2027 पर्यंत आहे, म्हणजे वेळ भरपूर आहे.

वहिनीला नमस्कार, तनूला आशीर्वाद. छोट्याला पापा.

तुमची,
राणी

ता. क. दादा, हे आण्णांसमोर वाचू नको. आण्णांनी जुन्या लेथला गिऱ्हाईक दाखवलंय असं तनू म्हणाली. विकू देऊ नको. सौदा झालाच असेल तर मला सांग, किती वाजता का असेना, मी जागी असते.