रविवारची अंजनेरी: सर्व सभासदांसाठी सूचना

मंडळी, येत्या रविवारी आपण नाशिकजवळच्या अंजनेरी गडाच्या माथ्यावरच्या तळ्यापर्यंत जाणार आहोत.

जमायचं: पहाटे ५.४५, नाशिकच्या जुन्या सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानक). तिथून त्र्यंबकची एसटी, अंजनेरी फाट्याला उतरून पुढे पायी. एसटी थांबत नाही, आपणही थांबणार नाही.

पायऱ्या आहेत म्हणून कोणी चपला घालून येऊ नये. कातळातल्या घळीत पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि उतरताना तिथेच पाय सरकतात. पठारावर अंजनीमातेच्या मंदिरात दर्शन, मग तळं. पावलाच्या आकाराचं हे तळं हनुमानाच्या पायाने झालं, असं गावकरी सांगतात. पाण्यात कोणीही उतरायचं नाही, काठावरून फोटो काढा.

- पाणी किमान २ लिटर, डबा घरचा.
- खाऊ सॅकच्या आत. माकडं हातातली पिशवी ओढतात.
- हे वनखात्याचं संवर्धन राखीव क्षेत्र आहे. अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात इथे उगवते, म्हणून पायवाट सोडू नका, फुलं तोडू नका.
- स्पीकर आणू नये. कड्यांत गिधाडं आहेत. (गेल्या वेळच्या गाणेवाल्यांनी हे दोनदा वाचावं.)

गुडघे दुखत असतील तर मंदिरापाशी थांबा, पण एकट्याने खाली उतरू नका. नावं शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा.