हेल्मेट घेऊन या, म्हणणाऱ्या चष्मेवाल्या काकांना

काका, स. न. वि. वि.

तुम्हाला असलं काही वाचायची सवय नाही, हे ठाऊक आहे. मुलीला सांगा मोबाइलवर वाचून दाखवायला. दुकानात आभार मानायला लागलं की तुम्ही "अहो, धंदाच आहे आमचा" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

पंचेचाळिशीत पहिला चष्मा. डॉक्टरांच्या कागदावर लांबचा मायनस सव्वा, दोन्ही डोळ्यांना सिलिंड्रिकल, म्हणजे बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा नसला की लागतो तो नंबर, आणि वर चाळिशीचा वाचायचा नंबर. आधी एका दुकानात विचारलं होतं, तिथे एका वाक्यात निकाल लागला: प्रोग्रेसिव्ह घ्या, लांबचं-जवळचं एकाच काचेत, सगळ्याला चालतो. तुम्ही मात्र कागद बाजूला ठेवलात आणि दिवसभर काय करता, ते विचारलंत. ऑफिस, कॉम्प्युटर, स्वयंपाक सांगून झाल्यावर, रविवारी घोडेस्वारी शिकते, हे जरा लाजतच सांगितलं. या वयात घोडा म्हटलं की लोक एकतर हसतात, नाहीतर हाडांची चौकशी करतात. तुम्ही म्हणालात, "मग हेल्मेट घेऊन या."

आणले. मग भर दुकानात हेल्मेट घालून, हनुवटीखाली पट्टा आवळून मी स्टुलावर बसले. तुम्ही म्हणालात, आता घोड्यावर उठता-बसता तशा उठा-बसा. बाकावरच्या आजी तोंडाला पदर लावून हसत होत्या. तुम्ही मात्र वाकून माझ्या कानामागे बघत होतात: दांडी पट्ट्याखाली दबतेय का, फ्रेम नाकावरून किती सरकतेय. जाड दांडीची, मला आवडलेली फ्रेम तिथेच बाद झाली. बारीक, सरळ दांडीची काढलीत, टोकं हीटरवर गरम करून वाकवलीत, परत मला उठवलंत-बसवलंत. मग पेनाने काचेवर बुबुळासमोर ठिपके दिलेत, तेही हेल्मेट डोक्यावर असतानाच.

प्रोग्रेसिव्ह ऑफिससाठी घ्या, घोड्यावर नको, हे तुम्ही ठाम सांगितलंत. त्या काचेतून वरच्या भागातून लांबचं दिसतं आणि खालच्या भागातून हातभर अंतरावरचं. खोगिरावर बसलं की डोळ्यांपासून जमीन असते सात-आठ फूट खाली. नजर खाली गेली की तीच जमीन वाचायच्या काचेतून बघायची, म्हणजे सगळं धूसर. कडेला तर दोन्हीकडे चित्र वाकडंच. तिथे नुसता लांबचा नंबर, पॉलिकार्बोनेटमध्ये, कारण पडलात तरी काच सहसा फुटून डोळ्यात जायची नाही. महागडी काच दोन्हीकडे खपवता आली असती तुम्हाला. मी काही वाद घालणार नव्हते.

सवय व्हायला वेळ लागला. सिलिंड्रिकल नंबरामुळे घरातली फरशी एका बाजूला उतरती दिसायची, दाराची चौकट कललेली. तुमचा नियम होता: चष्मा सारखा काढ-घाल करायचा नाही, आणि पायऱ्यांकडे न बघता जिना उतरता येईपर्यंत घोड्याला दुडक्या चालीने पळवणं बंद. तोवर मैदानात नुसती चाल. आमच्या सरांना हे इतकं पटलं, की त्यांनी माझ्या रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्याच काढून घेतल्या आणि मांड पक्की करायला लावली. त्याबद्दल मांड्यांच्या वतीने तुमचे वेगळे आभार!

एक फायदा तुम्हालाही माहीत नसेल. गोल फिरवताना मी नुसते डोळे वळवायचे, मान नाही. सर ओरडून थकले होते. आता डोळे वळवले की नजर फ्रेमच्या बाहेर जाते आणि पुढचं पुसट होतं, म्हणून मान वळवावीच लागते. मान वळली की खांदा वळतो, वजन आत येतं, आणि घोडी लगाम न ओढता वळते.

उन्हात आपोआप काळी होणारी काच मी हट्टाने मागत होते, तीही नाही म्हणालात. ती काळी पटकन होते, उजळायला वेळ घेते, हे तुमचं कारण मला माथेरानला पटलं. गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, तिथून पुढे घोड्यावर निघालो. लाल मातीची वाट, दोन टापा उन्हात, चार गर्द झाडीत. सावलीत शिरल्या शिरल्या वाटेत आडवी आलेली मुळं मला स्वच्छ दिसत होती. घोडीला ती आधीच ठाऊक होती, हा भाग वेगळा.

धूळ आधी पाण्याने धुऊन मगच पुसते, ओढणीने कोरडी पुसत नाही. पॉलिकार्बोनेटवर चरे लवकर पडतात, हे तुम्ही बजावलंत ते पाळतेय.

उजव्या दांडीचा स्क्रू ढिला झालाय, शनिवारी येते. सोबत आमच्या बॅचमधले एक गृहस्थ आहेत, बायफोकल लावून घोड्यावर बसतात आणि खाली बघायला लागले की हनुवटी पार छातीला टेकवतात. त्यांना हेल्मेट आणायला सांगितलंय. डोकं मोठं आहे, लांब दांडीच्या फ्रेम काढून ठेवा. आणि शक्य असेल तर आजींना त्याच वेळेला बोलवा.

तुमची,
हेल्मेटवाली