पदवीचा गाऊन दुपारी दोनलाच परत का घेता?

माननीय संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

पदवीदानाच्या बातम्या तुमच्या पेपरात दरवर्षी येतात, सोबत स्टेजवरचा फोटो पण असतो, मध्ये पाहुणे आणि दोन्ही बाजूला पोरं. त्याबद्दल काही म्हणायचं नाही. स्टेजवरनं उतरल्यावर पुढच्या तासा-दोन तासात पोरांच्या फोटोंचं जे होतं त्याबद्दल लिहायलोय, आणि हे कॉलेजच्या प्राचार्यांनी आणि ऑफिसातल्या लोकांनी वाचावं अशी इच्छा आहे, म्हणून तुमच्याकडं पाठवतोय.

मी सांगलीत फोटोग्राफी करतो. लग्नाची कामं जास्त, पण अलीकडं पदवीच्या फोटोंचं काम बरंच वाढलंय, कारण विद्यापीठाचा मोठा समारंभ कोल्हापुरात होत असला तरी कॉलेजं आता आपापल्या हॉलमध्ये पदव्या वाटायचा कार्यक्रम ठेवतात आणि त्याला आख्खं घर येतं. जत, आटपाडी, शिराळ्याकडनं आई-वडील, आजी, धाकटी भावंडं वडापनं नायतर एसटीनं सकाळीच हजर. कित्येक घरात ही पहिलीच पदवी असते. त्यांना भिंतीवर लावायला एक चांगला फोटो पाहिजे असतो, बास. आता कार्यक्रम संपतो बाराला, गाऊन असतात भाड्याचे, डिपॉझिट ऑफिसात जमा, आणि माइकवरनं सारखं सांगत असतात की दोनच्या आत गाऊन-टोपी जमा करा नायतर डिपॉझिट विसरा. म्हणजे जन्मात एकदा घालायचा तो काळा झगा पोरांच्या अंगावर राहतो तो नेमका दिवसातल्या सगळ्यात वाईट उजेडात.

वाईट का ते सांगतो. बाराचा सूर्य डोक्यावर असतो, चौकोनी टोपीची सावली कपाळावरनं थेट नाकापर्यंत येते, डोळ्याच्या जागी नुसते काळे खड्डे आणि गाल-नाक चमकतंय, त्यात पोरगं डोळे बारीक करून बघतंय. मग सगळे म्हणतात झाडाखाली घ्या की. घेतो की, पण झाडाखाली पानातनं येणारा उजेड हिरवट असतो, तो चेहऱ्यावर उतरतो, आणि मागं उन्हात जी काय बिल्डिंग असेल ती पार पांढरी होऊन जाते, ज्या कॉलेजात चार वर्षं काढली तेच फोटोत दिसत नाही. मोबाइल काहीतरी जुळवाजुळव करून दोन्ही दाखवतो पण मोठी प्रिंट काढा आणि बघा चेहऱ्याचं काय झालंय ते.

मग फ्लॅश लागतो. आणि फ्लॅश स्टँडवर लावला रे लावला की कुणीतरी काका येऊन विचारणारच, "एवढं ऊन पडलंय आणि फ्लॅश कशाला मारायलाय? बिल वाढवायला का?" काकांचं पण चुकीचं नाही, कारण फ्लॅश म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लग्नातला तो फोटो येतो, कॅमेऱ्याच्या डोक्यावरनं सरळ तोंडावर मारलेला, चेहरा सपाट पांढरा, मागं भिंतीवर काळी सावली. तो फ्लॅश मलाही आवडत नाही. पण फ्लॅश कॅमेऱ्यावरनं काढून बाजूला नेला, डोळ्याच्या थोडा वर ठेवला, पुढं मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारा पांढऱ्या कापडाचा डबा) नायतर पांढरी छत्री लावली आणि ताकद बेतानं ठेवली तर फोटो बघून कुणाला कळत पण नाही की तिथं फ्लॅश होता. कळला तर फोटोग्राफर कमी पडला असं माझं स्पष्ट मत आहे.

ह्यात जादू काही नाही, हिशोब आहे. बाहेरचा उजेड शटरनं, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा त्यानं, कमीजास्त होतो, फ्लॅशचा होत नाही, कारण फ्लॅश पेटून विझतो तो शटरच्या मानानं डोळ्याचं पातं लवायच्या आत. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं, ते मात्र दोघांनाही लागू. म्हणून आधी फ्लॅश बंद ठेवून मागचं आभाळ, झाडं, बिल्डिंग जशी दिसायला पाहिजे तशी शटरनं बसवायची, चेहरा काळपट आला तरी येऊ द्यायचा, आणि मग फ्लॅश हळूहळू वाढवत चेहरा उचलायचा. पुष्कळ जण इथं हावरटपणा करतात, चेहरा मागच्यापेक्षा लख्ख करतात, मग पोरगं वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कापून चिकटवल्यासारखं दिसतं. फ्लॅश बाहेरच्या उजेडापेक्षा एखादा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खालीच ठेवावा, डोळ्यात चमक येण्यापुरता आणि टोपीची सावली फिकी होण्यापुरता.

आता मुद्द्यावर येतो, दुपारी हे का जमत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत साध्या फ्लॅशबरोबर शटर १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या वर, म्हणजे त्याहून जलद, नेता येत नाही, नेलं की फोटोत काळा पट्टा येतो, कारण त्याच्या पुढं शटरचे दोन पडदे आख्खी फ्रेम एकदम उघडी ठेवतच नाहीत. भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद) १०० ला १/२५० धरलं तर ॲपर्चर जातं एफ ११ च्या आसपास (आकडा मोठा तेवढं भोक बारीक). एफ ११ ला मागचं सगळं शार्प येतं, पार्किंगमधल्या गाड्या, वायरी, कुणाचा तरी डबा सगळं, आणि त्या उन्हाशी बरोबरी करायला सॉफ्टबॉक्समधला छोटा फ्लॅश पूर्ण ताकदीनं मारून पण जेमतेम दीड-दोन मीटरवर पोचतो. घरातल्या सहा जणांचा ग्रुप असेल तर विषयच संपला, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई राहतो. हाय स्पीड सिंक (जलद शटरबरोबर पण फ्लॅश चालवायची सोय) आहे की असं कुणी तरुण फोटोग्राफर म्हणेल, आहे ना, पण त्यात फ्लॅश बारीक बारीक लुकलुकत राहतो आणि ताकद बरीच जाते, दोन स्टॉप तरी धरा. एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवरची काळी काच, लावून मागचं ब्लर करता येतं पण तो फ्लॅशचा पण उजेड खातो, म्हणजे सूर्याशी कुस्ती तशीच राहिली. २०० वॉट-सेकंदाचा बॅटरीवाला मोठा फ्लॅश आणला तर जमतं, पण तो सगळ्यांकडं नसतो.

हेच संध्याकाळी बघा. सूर्य खाली आला की मावळायच्या आधी अर्धा-पाऊण तास तेवढाच १/२५०, तेवढाच आयएसओ १००, आणि ॲपर्चर एफ ४ पर्यंत उघडता येतं. दुपारच्या मानानं बाहेरचा उजेड आठवा हिस्सा. मागं मऊ होतं आणि तोच छोटा फ्लॅश पाव ताकदीत सुद्धा पुरतो, बॅटरी गरम होत नाही, पोरांचे डोळे दिपत नाहीत. सांगलीत तर देवानं जागा देऊन ठेवलीय, कृष्णेच्या घाटावर उभं राहिलं की सूर्य समोर पलीकडं सांगलीवाडीच्या बाजूला उतरतो, आयर्विन पूल १९२९ चा, तो पण फ्रेममध्ये घेता येतो. पोराला सूर्याकडं पाठ करून उभं करायचं, गाऊनच्या खांद्यावर आणि टोपीच्या गोंड्यावर सोनेरी कड येते, आणि पुढनं एका बाजूनं सॉफ्टबॉक्स. हरिपूरच्या रस्त्याला झाडीत घ्या, तिथं मोकळं आभाळ ज्या बाजूला आहे त्याच बाजूनं फ्लॅश द्या, मग तो आभाळाचाच वाटतो. उलट बाजूनं दिला तर बघणाऱ्याला नक्की काय ते सांगता येत नाही पण काहीतरी खटकतंय एवढं कळतं.

रंगाचं पण लक्ष ठेवायला लागतं. फ्लॅशचा रंग दुपारच्या उन्हासारखा, साधारण ५५०० केल्विन, आणि मावळतीचा उजेड त्यापेक्षा खूप पिवळा-तांबडा. फ्लॅश तसाच मारला तर मागं सोनं आणि चेहरा निळसर. नारंगी जेलचा (रंगीत पारदर्शक प्लास्टिकचा) तुकडा, पाव नायतर अर्धा सीटीओ म्हणतात तो, फ्लॅशच्या तोंडावर चिकटवला की झालं. किरकोळ किमतीची वस्तू आहे पण कितीतरी जणांच्या बॅगेत नसते.

आणि तो काळा गाऊन. कॅमेरा ऑटोवर असला की काळं बघून फसतो, त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो फोटो उजळ करतो आणि चेहरा उडतो. मीटर, म्हणजे उजेडाचं माप, चेहऱ्यावर घ्यावं. भाड्याचे गाऊन बहुतेक चकचकीत सॅटिनचे, फ्लॅश समोरनं आला की छातीवर पांढरा डाग पडतो, म्हणून सॉफ्टबॉक्स थोडा वळवून त्याच्या कडेचा उजेड द्यायचा. टोपी इंचभर मागं सरकवायला सांगायची, पोरी पिना लावतात म्हणून कुरकुरतात पण डोळे दिसतात. २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं त्यांच्या अखत्यारीतल्या मेडिकल संस्थांना काळा गाऊन-टोपी सोडून आपापल्या राज्याच्या परंपरेचा पोशाख ठरवा असं कळवलं होतं. आपल्याकडं सगळीकडं फेटे आले तर फोटोग्राफर म्हणून मी तरी खूश, फेट्याची सावली डोळ्यावर पडत नाही. जरीचा काठ चकाकतो तेवढा सांभाळला म्हणजे झालं.

एक गोष्ट पालकांसाठी, जरा कडू आहे. "फोटोत गोरा करा" हे सांगू नका हो. फ्लॅश चेहरा उजळायला असतो, पोराचा रंग बदलायला नाही. उन्हातान्हात शिकून आलेल्या पोरीचा सावळा रंग बाजूच्या मऊ उजेडात इतका सुंदर दिसतो, आणि तोच घरी जाऊन कुणीतरी ॲपमध्ये घालून पिठासारखा करून स्टेटसला लावतं. मला प्रिंट द्यायच्या आधी तसं करायला सांगितलं तर मी नाही म्हणतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

वॉचमन लोकांचा पण त्रास आहे. मोबाइलवाले शंभर फिरले तरी चालतात, पण स्टँड उभा केला की "शूटिंगची परवानगी कुठाय?" एका कॉलेजात तर स्टँड गेटवर ठेवून घेतला आणि छत्री आत न्यायला दिली, आता नुसती छत्री घेऊन मी काय पावसाची वाट बघू? वाऱ्याला स्टँड पडून कुणाला लागेल ही भीती मात्र रास्त आहे, उघड्या मैदानावर सॉफ्टबॉक्स शिडासारखा वारा घेतो. त्यासाठी पायाला वाळूची पिशवी बांधावी किंवा एक माणूस धरायला ठेवावा, आणि तेवढं करतो का हे फोटोग्राफरला विचारून मग सोडा आत, आमची ना नाही.

तर कॉलेजांना विनंती एवढीच आहे. गाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत परत घ्या. डिपॉझिट थोडं वाढवा पाहिजे तर, भाडेवाल्याला एका दिवसाचं जास्त द्यावं लागलं तर ते पोरांकडनं घ्या, वर्गातल्या साठ जणांत वाटलं तर चहाच्या पैशात भागेल आणि कुणी नाही म्हणणार नाही. ते जमत नसेल तर कार्यक्रमच दुपारी तीनला ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो, म्हणजे साडेचारला हॉलमधनं बाहेर पडलेल्या पोरांना आपोआप चांगला उजेड मिळतो, आणि जतच्या आजीला शेवटची एसटी पण गाठता येते.

आपला नम्र,
एक फोटोग्राफर, विश्रामबाग, सांगली