क्रॅबॲपल तिथंच लाव भावा

कोल्हापूर

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज वाचला, एवढं सगळं टाईप करून चॅटवर पाठवण्यापेक्षा म्हटलं निवांत बसून पत्रच लिहावं. तिकडं अमेरिकेत मिनेसोटात घरामागं क्रॅबॲपल, म्हणजे ते बारक्या आंबट फळांचं सफरचंद, लावणार म्हणतोस ते एकदम बेस्ट, डोळे झाकून लाव. पण त्याच्याच बिया आणून इथं काकूंच्या परड्यात पण लावायच्या म्हणतोस, ते मात्र नको रे.

कारण थंडी. हे सफरचंदाच्याच घराण्यातलं झाड, हिवाळ्यात पानं गाळून ते झोपलं पाहिजे आणि ७ अंशांच्या खालची थंडी शेकडो तास मिळाली तरच त्याचे डोळे नीट फुटतात. आपल्याकडं पारा १४-१५ वर आला की गल्लीत शेकोट्या पेटतात, तूच बघ. मागच्या गल्लीत एकानं ‘ॲना’ लावलंय, ती इस्रायलमध्ये तयार केलेली कमी थंडीत चालणारी सफरचंदाची जात, तरी जानेवारीत जाऊन बघितलं तर जुनी पानं अजून फांदीला चिकटलेली, कडा करपलेल्या, खालची अख्खी फांदी मुकी आणि नुसता शेंड्याला पानांचा झुपका, त्यात दोन फुलं. माणूस शेणखत घालतोय, वेळेवर पाणी देतोय, त्याचं काही चुकत नाही, हवाच ती नव्हे. इंडोनेशियात जावा बेटावर बाटूकडं थंडी नाही म्हणून झाडाची पानं हातानं ओरबाडून त्याला फुटायला लावतात आणि सफरचंद घेतात, पण तो भाग उंचावर आणि ते लोक पोटासाठी करतात, काकूंनी गुडघेदुखी घेऊन कशाला करायचं ते? आणि बियांपासून केलं तर आईसारखं झाड येईलच असं नाही.

आता तुझ्या तिथलं. रोप घेताना नुसत्या फुलाच्या रंगावर जाऊ नको, आधी विचार की ॲपल स्कॅबला ही जात टिकते का. स्कॅब म्हणजे बुरशी, पावसाळी वसंतात पानांवर काळपट हिरवे ठिपके पडतात आणि भर उन्हाळ्यात झाड बोडकं होतं, मग कितीही सुंदर फुललेलं असू दे, वर्षभर बघायला जीव नको होतो. गुलाबी फुलं हवी असतील तर ‘प्रेअरीफायर’ बघ, ती स्कॅबला चांगली टिकते. जेलीसाठी फळं हवी असतील तर ‘डोल्गो’. झाडांच्या नव्या जाती काढणाऱ्या साउथ डकोटाच्या नील्स हॅन्सननं रशियातून आणलेल्या बियांतनं ती निघाली, १९१७ मध्ये बाजारात आली, तुमच्याकडची कडाक्याची थंडी ती आरामात काढते. फुलं पांढरी, फळ लालभडक लांबट. मी तुझ्या जागी असतो तर डोल्गोच लावलं असतं.

जागा अशी निवड की दिवसाचे निदान सहा तास ऊन आणि पाणी साचत नाही. कलमाचा जोड मातीच्या वर राहू दे. बुंध्याभोवती आच्छादन कर पण खोडाला टेकवू नको, आणि बर्फ पडायच्या आत खोडाला बारीक जाळी गुंडाळ, सश्यांनी आणि उंदरांनी हिवाळ्यात साल गोल कुरतडली की झाड गेलंच म्हणून समज. छाटणी हिवाळा सरता सरता, बुडातनं येणारे फुटवे दिसले की काढत जा. पडलेली पानं गोळा करून टाक, बुरशी त्यातच हिवाळा काढते.

फळं आंबट तुरट, नुसती खाववत नाहीत, पण पेक्टिन भरपूर असल्यामुळं जेली झकास जमते. फळं पाण्यात शिजवायची, फडक्यात बांधून रात्रभर टांगायची, पिळायचं नाही, नाहीतर गढूळ होते. मग रसात साखर घालून आटवायची. आपला गूळ घालूनही करून बघ, रंग काळपट येईल पण चव मला वाटतंय करवंदाच्या मुरंब्याच्या जवळ जाईल, काकू करतात तसल्या.

आणि काकूंच्या परड्यात करवंदच लावूया की! गगनबावड्याच्या वाटेवर दगडात, उन्हात, कुणी पाणी न घालता जाळ्याच्या जाळ्या उभ्या असतात. पांढरी वासाची फुलं येतात, एप्रिल-मेमध्ये फळ, कच्च्याचं लोणचं, पिकलेली पोरं तशीच खातील. काटे मात्र जबरी, म्हणून मागच्या कंपाउंडला लावायचं, येण्याजाण्याच्या वाटेवर नको. पावसाला सुरुवात झाली की रोप मी आणून लावतो, तू काकूंना आधी फोन करून सांग, त्यांच्या मनात तिथं शेवगा आहे.

तुझ्या अंगणाचे सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन फोटो पाठव, ऊन कुठं किती वेळ असतं ते बघून जागा सांगतो. आणि तिथल्या नर्सरीत डोल्गो मिळतं का ते विचारून ठेव.

तुझाच,
सुध्या