वाळायच्या आधी ते लाकूड आम्हाला द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी आर्वी तालुक्यातला शेतकरी. आमच्या गावात महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी ओल्या (म्हणजे ताज्या, न वाळलेल्या) लाकडाचं काम करणाऱ्यांची बैठक भरते आणि तिच्यापायीच हे पत्र लिहून राहिलो. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. पावसाळ्याआधी विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटतात, रस्ता रुंद करताना झाडं पाडतात, अवकाळी वादळात बाभळी उपडून पडतात, आणि हे सगळं लाकूड रस्त्याच्या कडेला पडून पडून शेवटी चुलीत नाहीतर वीटभट्टीत जाते. आमचं म्हणणं एवढंच की झाड पडल्यापासून दोन-तीन दिवसात आम्हाला कळवा आणि त्यातलं कामाचं लाकूड उचलू द्या.

दोन-तीन दिवसच काहून, तर ताज्या लाकडात पाणी भरलेलं असते, पुष्कळ झाडात तर वाळल्या लाकडाच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त, आणि तोवर ते वाकसाखाली (वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार) मऊ लागते, शाळेतल्या पोरालाही तासता येते. वाळलेली बाभूळ म्हणजे नुसतं लोखंड. दुसरं असं की लाकूड सगळीकडून सारखं आटत नाही, गाभ्यापासून सालीकडे जेवढं आटते त्याच्या जवळपास दुप्पट ते वर्तुळाच्या बाजूने आटते, म्हणून गोल ओंडका तसाच ठेवला की त्याला सालीपासून गाभ्यापर्यंत भेग जाते. आणि आपल्याकडचा मे महिना, ४५ डिग्री, तिथं लाकडाचा काय निभाव लागणार. त्यामुळे ओंडका आला की पहिले दोन्ही तोंडांना शेण थापायचं, सावलीत टाकायचं आणि होईल तेवढ्या लवकर मधोमध फाडायचं.

आमच्याकडे शिकवतात ते गावातलेच म्हातारे वाढई (सुतार) बाबा. हयातभर त्यांनी बैलबंड्या, तिफणी, वखर, डवरे केले, पुढे ट्रॅक्टर आले, डवरा पण लोखंडी झाला आणि त्यांच्या हातचं काम गेलं. मांडीएवढा बाभळीचा ओंडका, गाठी नसलेला, बाबा उभा ठेवतात, कुऱ्हाडीचं पातं बरोबर गाभ्यावर टेकवतात आणि वरून मोगरीने ठोकतात. ओला असला की चर्रर्र आवाज करत दोन फाका होतात, मग चार. फाडलेलं लाकूड आपल्या रेषेरेषेने सुटते, करवत मात्र रेषा तोडत जाते. कुदळीच्या दांड्यात हा फरक फार मोठा आहे, बाजारातल्या कितीतरी दांड्यांच्या रेषा तिरप्या निघालेल्या असतात आणि मुरमाड जमिनीत घाव घातला की दांडा तिथूनच तुटते. फाक झाली की गाभा वाकसाने काढून टाकायचा, कारण चीर तिथूनच सुरू होते, मग ठोकळ्यावर टेकवून सुमार आकार द्यायचा, थोडा जाडच ठेवायचा, आणि तो दांडा सावलीतल्या तुरीच्या कुटारात (भुशात) खुपसून ठेवायचा. नवीन पोरं दर बैठकीला उकरून पाहतात, झाला का झाला का, तर बाबा म्हणतात, "घाई करू नका बाप्पा, कुटारात राहू द्या त्याले, त्याचं पाणी त्याच्या मर्जीनं जाऊ द्या." पुरता वाळला की काचेच्या तुकड्याने खरवडून साफ करायचा आणि मगच कुदळीत बसवायचा, ओलाच बसवला तर पुढे आटते अन् कुदळ हातातून निसटून जाते, ते धोक्याचं आहे.

तिवईचं गणित मात्र वेगळं. पाय थोडा ओलसर आणि आडवी दांडी खडखडीत वाळलेली घ्यायची, दांडी भोकात ठोकली की पाय वाळता वाळता तिला आवळून धरतो. ना खिळा ना फेविकॉल. मला स्वतःला हे काम सगळ्यात जास्त आवडते.

बचत गटातल्या ताई येतात त्या चाटू, लाटणं, उलथणं करतात, कडूनिंबाचं किंवा बोरीचं. त्याला आम्ही घाणीचं जवसाचं तेल लावतो कारण ते हवेने सुकते आणि लाकडात बसून जाते, शेंगदाण्याचं तेल तसं सुकत नाही, चिकट राहून खवट होते. (हार्डवेअरच्या दुकानातलं पॉलिशचं तेल जेवणाच्या भांड्याला लावू नका, त्यात सुकवायची रसायनं घातलेली असतात.) पोरं तर तान्ह्या पोळ्याच्या (पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या) महिनाभर आधीपासून आपापला बैल करायला बसतात, पांगाऱ्याची फांदी मिळाली तर सगळ्यात सोपं, आणि स्वतः केलेला बैल घेऊन मिरवणाऱ्या पोराचा तोरा पाहावा तुम्ही एकदा.

आता काही जणांचं म्हणणं पडते की असल्या बैठकांमुळे झाडतोड वाढेल. ही काळजी रास्त आहे म्हणून स्पष्ट लिहितो. बैठकीसाठी एकही झाड तोडायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यात साग, मोह, आंबा, चिंच, खैर, तिवस, अंजन अशी झाडं अनुसूचीत आहेत, त्यांचा ओंडका कोणी आणून दिला तरी तोडायच्या परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. जे पडलेलंच आहे, जे जळणारच आहे, त्यातलंच मागतो. आणि सरपणाची गरज ज्या घरांना आहे त्यांच्या तोंडचं काढायचं नाही, बारीक फांद्या त्यांच्यासाठीच राहतील, आम्हाला सरळ वाढलेला जाड भाग पुरतो.

इंग्लंड-स्वीडनमध्ये लोकं हौसेने एकत्र जमून ओल्या लाकडाचे चमचे कोरतात, त्याचे व्हिडिओ आपली पोरं मोबाईलवर पाहतात. चांगलं आहे. पण आपल्याच जिल्ह्यात १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पांनी वर्ध्याच्या मगनवाडीत बसून गावच्या धंद्यांचं काम केलं, १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण हा विचार मांडला गेला. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवून सुतार, कुंभार अशा कारागिरांकडे शिकायला पाठवा असं लिहिलेलं आहे. मग आमच्या बाबांसारखा माणूस ज्या गावात आहे तिथल्या शाळेने पोरं पाठवायला काय हरकत आहे? विश्वकर्मा योजनेत सुताराला १५ हजारापर्यंतचं टूलकिट मिळते, चांगली गोष्ट आहे, पण ते हत्यार चालवायला लाकूड लागते आणि शिकायला आलेल्या पोराने डेपोतून सागवान विकत आणावं असं तर होऊ शकत नाही ना.

म्हणून पेपरच्या माध्यमातून विनंती आहे की छाटणी करणाऱ्या लाईनवाल्यांनी, रस्त्याच्या ठेकेदारांनी आदल्या दिवशी त्या त्या ग्रामपंचायतीला एक फोन करावा, आणि ग्रामपंचायतीने ज्याचं झाड त्याला विचारून, नियमात बसते ते लाकूड गावातल्या कारागिरांना, शाळेला, बचत गटाला द्यावं. उचलायचा खर्च कोणाला पडणार नाही, आम्ही बंडी घेऊन येऊ आणि रस्ता पण मोकळा करून देऊ. इतर गावात असं काम करणारे म्हातारे वाढई असतील तर त्यांनी आणि शिकायची इच्छा असणाऱ्यांनी रविवारी सकाळी सातपर्यंत यावं, उन्हाळ्यात दहाला बंद करतो, कापूस वेचणीच्या दिवसात गर्दी कमी असते तेव्हा शिकायला जास्त वेळ मिळते. छाटणी एप्रिल-मेमध्ये सुरू होईल, तेव्हा पत्र त्याच्या आत छापलं तर या वर्षीचं लाकूड हाती लागेल.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा