वेड्याच्या बायकोचं ताट आणि सात खिरापती

पुणे, 28 सप्टेंबर 2026

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले सगळे फोटो बाबांनी आणि मी काल रात्री चष्मे लावून सावकाश पाहिले. इडलीचा हत्ती, पुरीचे कान, गाजराची फुलं, काकडीची मगर. दसऱ्याच्या सुट्टीत सगळे जमलो की घरीच भोंडला करायचा आणि त्या दिवसाचं जेवणही भोंडल्याचंच ठेवायचं, हे तुला सुचलं याचा मला किती आनंद झालाय ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

यंदा ज्येष्ठ अधिक आल्यामुळे नवरात्र लांबलं. 11 ऑक्टोबरला घट बसतील, 20 ला दसरा. तुम्ही बंगळूरहून शुक्रवारी रात्री निघालात तर शनिवारी, 17 तारखेला, संध्याकाळी भोंडला घेऊ. तो सातवा दिवस, म्हणजे खिरापती सात. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, अशा त्या वाढत जातात, हे मुलांना आधीच सांगून ठेव. माझ्या माहेरी सांगलीकडे आम्ही हादगा म्हणायचो. भिंतीवर समोरासमोर दोन हत्तींचं चित्र, त्याला फळांच्या माळा आणि सूर्य हस्तात गेला की सोळा दिवस रोज गाणी. इथे पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरतात. विदर्भ-खानदेशात भुलाबाई बसते, ती थेट कोजागिरीपर्यंत.

हत्ती आपण पाटावरच काढू. तांदूळ आणि मूगडाळ एवढंच वापरायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळं निवडून धुऊन खिचडी लावता येईल. रंगीत रांगोळी मिसळायची नाही. सईला सोंड काढू दे, छोटूला डोळा.

पण ताटात हत्ती नको, मनू. हत्तीच्या आकाराची इडली दिसायला गोड आहे, पण भोंडल्यात जेवणाचं आख्खं गाणंच आहे की! वेड्याच्या बायकोचं. ती बिचारी करंज्या करते, नवरा त्या होड्या समजून पाण्यात सोडतो. लाडू केले तर चेंडू म्हणून खेळतो, शेवया दिसल्या की त्याला गांडुळं वाटतात. तुझ्या त्या फोटोंमध्ये लोक जे करतात, म्हणजे खायच्या वस्तूला दुसऱ्याच वस्तूचं रूप द्यायचं, तेच आपल्या बायका हे गाणं म्हणत पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. तेव्हा त्या दिवसाचं ताट वेड्याच्या बायकोचं करू. तुझ्या फोटोंतल्या युक्त्या तिथे अगदी चपखल बसतात.

नदीसाठी निळा भात करायचा. तो गोकर्णाच्या फुलांचा फोटो तूच पाठवला होतास ना? मागच्या अंगणातला वेल सध्या फुलांनी भरलाय. मी कालच करून पाहिला. वाटीभर तांदळाला वीसेक फुलं घ्यायची, हिरवे देठ काढून टाकायचे, फुलं कढत पाण्यात दहा मिनिटं ठेवायची आणि त्याच पाण्यात भात शिजवायचा. रंग सुरेख येतो आणि चव भाताचीच राहते. शिजताना लिंबू अजिबात घालायचं नाही. लिंबू मुलांच्या हातात द्यायचं, कारण आंबट लागताच तो निळा भात जांभळा होतो. ताटात नदीचा रंग बदलला की छोटू काय करेल ते मला आत्ताच दिसतंय!

त्या नदीत तिखट करंज्यांच्या होड्या. आत ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, थोडे तीळ आणि लिंबाचे चार थेंब. बोटभर लांबीच्याच करू, कातण्याने कापून. पारी जरा घट्ट भिजवली की भातावर ठेवल्या तरी मऊ पडत नाहीत. गोड करंज्या दिवाळीला आहेतच.

शेवयांचा तिखट उपमा छोट्या बोळक्यांतून देऊ, वर कढीपत्त्याची डहाळी खोचून, म्हणजे कुंडीतल्या मातीत गांडुळं. सई किंचाळेल आणि दोनदा मागून खाईल. लाडू रव्याचेच, लिंबाएवढे. चकली काही घरी गाण्यात येते, काही घरी येत नाही, कडवी गावागणिक बदलतात. आपण घेऊ, कारण तुझ्या काकडीच्या मगरीऐवजी मला काकडीची बैलगाडी हवी आहे आणि तिला चकलीची चाकं. हे काम जावईबापूंना द्यायचं, त्यांचा हात बारीक कामात चांगला आहे.

आत्याचे नऊ दिवसांचे उपास असतात, ते विसरू नकोस. ती बाजूला बसून नुसती बघते हे मला दरवर्षी लागतं. तिच्यासाठी वरीचे तांदूळ गोकर्णाच्या पाण्यात शिजवू आणि होड्या बटाट्याच्या कापांच्या. तिची नदीही निळी झाली पाहिजे. बाकीच्या स्वयंपाकातही कांदा-लसूण नको, म्हणजे भांडी वेगळी ठेवायची धावपळ होणार नाही.

त्या गाण्याचं शेवटचं कडवं मात्र मला घरात नको. बायको झोपलेली असते, हा तिला मेली समजतो आणि जाळून येतो. आम्ही मुली ते फेर धरून हसत म्हणायचो. आता सईच्या तोंडून मला ते ऐकवणार नाही. तिलाच नवीन कडवं रचायला सांग. बायको त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेते आणि करंजी लाटायला बसवते, असं काहीतरी. प्रवासात तिला भरपूर वेळ आहे. चालीत बसलं पाहिजे एवढीच अट.

आता खिरापतीचं. इथे तुझं-माझं थोडं वाजणार आहे, तरी सांगते. तुझ्या यादीत सातही खिरापती एका मोठ्या लाकडी फळीवर मांडून, प्रत्येकीपुढे नावाची चिठ्ठी लावलेला फोटो आहे. तो मला पटला नाही. ताट हवं तितकं सजव, ते बघण्यासाठीच आहे. खिरापत झाकलेली हवी. झाकण उघडायच्या आधी जे चालतं तोच तर भोंडला! डबा हलवून आवाज ऐकायचा, बाहेरून हात लावून गरम आहे का पाहायचं, फटीतून वास घ्यायचा प्रयत्न करायचा. गोड की तिखट, तळलेलं की वाफवलेलं, चमच्याने खायचं की हाताने, आणि समोरून उत्तर फक्त हो किंवा नाही. कुणालाच ओळखता आली नाही तर करणारीची मान जी ताठ होते, ती मी माझ्या आईची पाहिली आहे. तिने एकदा वाटली डाळ कुलूप लावायच्या पितळी डब्यात आणली होती. सगळ्या गल्लीने वड्या, चिवडा, गुळपापडी, शंकरपाळे सांगून पाहिलं, वाटली डाळ कुणाच्या मनातही आली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. आपण सात जण आहोत, तर प्रत्येकाने एक खिरापत करायची, दुसऱ्या कुणालाही न सांगता. बाबांनीसुद्धा. त्यांना दहीपोहे उत्तम जमतात, पण ते तेच करतील असं धरून चालू नकोस, दोन दिवस ते माझ्या जुन्या वहीची पानं उलटताहेत. छोटूला तुझी मदत लागेल, तेवढं एक गुपित तुम्हा दोघांचं. सातांतली एक तरी उपासाची हवी आणि ती कुणी करायची हे मी चिठ्ठीने ठरवून त्या माणसालाच कानात सांगीन. डबे एकसारखे नकोत. माझ्याकडे पितळेचा आहे, स्टीलचे आहेत, शिवाय एक बरणी आहे, ती फडक्यात बांधून देईन. आणि ओळखाओळख संपेपर्यंत फोन देवघरातल्या परडीत. फोटो ग्रुपवर टाकायचे ते नंतर, सगळ्या झाकणं उघडलेल्या खिरापतींचे एकदम.

येताना तिकडची बारीक शेवई मिळाली तर दोन पुडे आण. बोळकी मी कुंभारवाड्यातून आणते. गाणी तुला सगळी येत नसतील तर काळजी नको, आत्याला सोळाच्या सोळा पाठ आहेत आणि सांगायला ती आतुर आहे. साडेपाचला फेर धरू, म्हणजे सातला जेवायला बसता येईल.

तू कोणती खिरापत करणार आहेस ते मला मुळीच कळवू नकोस. ओव्हन लागणार असेल तर तेवढं सांग, सकाळी तुझ्यासाठी मोकळा ठेवीन आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही.

मुलांना पापे. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई