चालू संगणकांचे निर्लेखन: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदयांस,
सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, आमच्या गावच्या शाळेतले ११ संगणक निर्लेखित करा, म्हणजे नोंदीतून काढून भंगारात टाका, असा कागद गेल्या आठवड्यात आला. कारणाच्या रकान्यात एकच ओळ: 'ऑपरेटिंग सिस्टिम कालबाह्य'. बोर्ड जळला, डिस्क बसली, पत्र्यातून पाणी गळून आत शिरले, असे काही नाही. अकराच्या अकरा चालू होतात. त्यातले सहा गावाने वर्गणी काढून घेतलेले. वर्गणी काढताना तो लोकसहभाग होता. भंगारात काढताना मात्र तो सरकारी डेडस्टॉक, म्हणजे सरकारी नोंदवहीतला माल, झाला. बदली यंत्रे कधी, असे विचारले तर तोंडी उत्तर मिळाले, 'वरून आल्यावर.' दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीचा निधीही वरूनच येणार होता. वर तुम्ही आहात म्हणून तुम्हालाच लिहितो.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, हे मान्य. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागते, इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमच्याकडे पाच यंत्रे चौथ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरची, ४ जीबी रॅमची. गावाने आणलेली सहा त्याहून जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरची, २ जीबीची. म्हणजे विंडोज ११ च्या दारात अकराही नापास. पण एका कंपनीने आपल्या मालाची मुदत संपवली म्हणून लोखंडाची मुदत संपते, हे कोणत्या शासन निर्णयात आहे तेवढे कळवावे.

यावर हलके लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, चालते, आणि छान चालते. आय३ वर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू. २ जीबीवाल्यांवर अँटीएक्स, तेही लिनक्सच. त्याचा आइसडब्ल्यूएम डेस्कटॉप उघडून नुसता ठेवला तर दोनशे-अडीचशे एमबीच्या आसपास रॅम खातो. कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे, त्यामुळे ६४ बिटचीच प्रत घ्यायची. कुठे खरेच ३२ बिटचे यंत्र निघाले तर डेबियन १३ या लिनक्सचा उपयोग नाही, त्यांनी ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला. तिथे अँटीएक्स २३ ची ३२ बिट प्रत चालते.

आपल्या तज्ज्ञ समितीच्या सोयीसाठी कृतीच लिहून देतो. बैठक भत्ता नको.

आधी झाकण उघडून धूळ झाडा. रॅमची पट्टी काढून सोनेरी दात खोडरबराने पुसा. बीप बीप करून पडदा काळा राहणारी बरीच यंत्रे इथेच बरी होतात. मग बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. हा चाळीस रुपयांचा सेल मेला की घड्याळ दरवेळी २००९ वर जाते, मग ब्राउझर प्रत्येक सुरक्षित पान नाकारतो, अपडेटही 'ही फाइल अजून वैध नाही' म्हणून अडते, आणि दुरुस्तीवाला 'लिनक्स खराब आहे' असा शेरा मारून बिल लावतो.

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. उतरवलेल्या लिनक्सच्या फाइलचा शा-२५६ आकडा (फाइल पूर्ण आली का ते सांगणारी खूण) संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहा, कारण आमच्या रेंजमध्ये डाउनलोड अर्धवट तुटणे हा नियम आहे. ती रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहिताना जुन्या बायोससाठी (यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) एमबीआर ही मांडणी निवडा. जीपीटी निवडले तर कोअर टू ड्युओला तो पेनड्राइव्ह बहुधा दिसतच नाही. बूट मेनू, म्हणजे यंत्र कशावरून सुरू करायचे ती यादी, डेल, लेनोव्होला एफ१२ वर, एचपीला एफ९ वर. आय३ वर डिस्क दिसली नाही तर बायोसमध्ये साटाची, म्हणजे डिस्कजोडणीची, सेटिंग 'रेड'वरून 'एएचसीआय'वर आणा. मुलांचे काम विंडोजमध्ये असेल तर ते आधी बाहेर काढा आणि फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून डिस्कचा तो विंडोजवाला भाग फक्त वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही.

मग लगेच इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवरूनच चालवून आवाज, वायफाय, पडदा तपासा. ब्रॉडकॉमची चिप असेल तर वायफाय कदाचित मिळणार नाही. फोन यूएसबीने जोडून त्याच्या नेटवरून ड्रायव्हर घ्या. ३२० जीबीची डिस्क असेल तर ३० जीबी सिस्टिमला, ४ जीबी स्वॅपला (रॅम कमी पडली की वापरायची जागा), उरलेली सगळी होमला (मुलांच्या फाइलींची जागा). होम वेगळे ठेवले की उद्या सिस्टिम पुन्हा टाकली तरी पोरांची चित्रे जात नाहीत. एक यंत्र नीट लावून क्लोनझिला या प्रोग्रामने त्याची प्रत बाकीच्यांवर उतरवता येते. फक्त प्रत्येकाचे होस्टनेम आणि मशीन-आयडी, म्हणजे नेटवर्कवरचे नाव आणि ओळखक्रमांक, बदला. ते विसरले की दोन यंत्रे एकच आयपी पत्ता मागू शकतात आणि नेट लंगडते.

मराठी टाइप करायला आयबस हा प्रोग्राम, त्यात एम१७एन, त्यात इनस्क्रिप्ट हा कळफलक. कार्यालयीन कामाला लिब्रेऑफिस, गणिताला जिओजेब्रा, चित्रांना टक्स पेंट, लहानांच्या खेळांना जीकॉम्प्रिस, सगळे फुकट. जुन्या ग्राफिक्सवर जीकॉम्प्रिस काळे पडते, ते सॉफ्टवेअर रेंडररवर चालवायचे.

अडचणी लपवत नाही, ती सवय दुसऱ्यांची. २ जीबीवर ब्राउझरची तीन-चार पाने उघडली की यंत्र धापा टाकते. झेडरॅम, म्हणजे रॅममधला मजकूर दाबून बसवण्याची सोय, चालू केल्याने थोडा फरक पडतो. खरा फरक एसएसडीने, म्हणजे फिरत्या डिस्कऐवजी चिपवाल्या वेगवान डिस्कने, पडतो, दोनेक हजारांत, भाव मागेपुढे होईल. कॅननचा एलबीपी २९०० हा ऑफिसाऑफिसातला लाडका प्रिंटर लिनक्सवर छळतो, कारण संगणकाशी बोलण्याची त्याची कॅप्ट भाषा वेगळी आणि ड्रायव्हर जुना. एचपी १०२० प्रिंटरला एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचे प्लगइन टाकले की तो चालतो. आणि श्रीलिपी या जुन्या फाँटपद्धतीत टाइप केलेली जुनी पत्रे युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय वाचता येत नाहीत. पण तो दोष लिनक्सचा नव्हे, तीस वर्षे फाँटच्या तालावर नाचलेल्या कारभाराचा.

आता हिशोब. नवा संगणक चाळीस हजारांचा धरला तर अकरांचे ४,४०,०००. आमच्या मार्गाने सेल, एसएसडी, २ जीबीवाल्यांना थोडी जुनी रॅम, एका यंत्राला फार तर तीन हजार, एकूण ३३,०००. राज्यात अशा शाळा किती, हे तुमच्याकडे असेल; माहिती तर आमच्या गुरुजींकडून दर आठवड्याला भरून घेता. गुणाकार तुम्हीच करा.

हे आम्ही गांजा ओढून लिहीत नाही. केरळने २००१ पासून आयटी@स्कूल हा शाळांतल्या संगणकांचा प्रकल्प चालवला, आता काइट ही तिथलीच सरकारी संस्था शाळांना स्वतःचे लिनक्स देते. दोन लाखांवर संगणक आणि तीन हजार कोटींची बचत, असे तेच सांगतात. निम्मे खोटे धरा, तरी दीड हजार कोटी उरतात. केंद्र सरकारचे मुक्त सॉफ्टवेअर धोरण २०१५ चे आहे. सीडॅक या सरकारी संगणक संस्थेने बॉस लिनक्स काढले, त्याची शाळांसाठी वेगळी आवृत्तीही आहे, आणि सीडॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. मंत्रालयातून पुणे तीन-चार तास. फाइलला बहुधा पंधरा वर्षेही पुरत नाहीत.

कारण उघड आहे. फुकटच्या वस्तूची निविदा निघत नाही. निविदा नाही म्हणजे पुरवठादार नाही, उद्घाटन नाही, फीत नाही. निविदेत 'विंडोजसह' हा एक शब्द कोण घालतो? देखभाल करारात 'सिस्टिम बदलल्यास करार रद्द' हे कोणासाठी असते? वीजबिल थकले म्हणून मीटर काढून नेलेल्या शाळांच्या भिंतींवर 'डिजिटल शाळा' रंगवलेले असते आणि परिपत्रकात कृत्रिम बुद्धिमत्ता येते. गुरुजी स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर तुमचे रकाने भरतात, आणि प्रयोगशाळेतला संगणक म्हणे कालबाह्य. माणसे कालबाह्य ठरवायला असा एखादा रकाना आहे का?

मागणी फार नाही. निर्लेखनाआधी प्रत्येक यंत्र पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे आणि तसा शेरा डेडस्टॉक नोंदवहीत लिहावा. लिनक्स टाकल्यास देखभाल करार तुटणार नाही, असे लेखी द्यावे. शासनाची सगळी पोर्टले फायरफॉक्समध्ये उघडतील अशी करावीत. आणि आमचे सहा संगणक, ते तर गावाचेच आहेत, त्यांना हात लावू नये.

आपला,
शाळा व्यवस्थापन समितीचा एक सदस्य

ता.क. अकरा सेलांचे ४४० रुपये सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या निधीतून, चालतील का? नसतील तर तसे सांगा, पुन्हा वर्गणी काढतो. पावती मात्र या वेळी गावाच्या नावाची असेल.